बोनस वाटायचा नसतो

सणासुदीला तोंड वाईट करू नये, असा आमच्या आईचा दंडक होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही भावंडे अभ्यंगाच्या पाटावरून भांडू लागलो, की ती म्हणायची, "वर्ष पडलंय की भांडायला. आजचा दिवस गप्प बसा." तेव्हा दिवाळी अंकाच्या पानावर हे भांडण उकरून काढताना मला थोडे अपराध्यासारखे वाटते आहे. पण वाचकहो, माझाही नाइलाज आहे. माझे भांडण ज्या शब्दाशी आहे तो दिवाळीतच घरोघर फिरतो. शिमग्याला त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही. तो शब्द म्हणजे 'बोनस'.

हे भांडण मांडणारा मी कोण, तेही सांगून टाकतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहतो, मॅट्रिक झालो आहे, शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री जेवणे उरकल्यावर कादंबऱ्या लिहितो. अर्थशास्त्राच्या वाटेला कधी गेलो नाही. आणि बोनसच्या बाबतीत माझा स्वार्थ तर बिलकूल नाही. शाळा-कॉलेजे बोनसच्या कायद्यातून पहिल्यापासूनच वगळलेली. त्यामुळे मास्तराने बोनसवर बोलणे म्हणजे उपवासाच्या माणसाने जिलबीच्या पाकावर बोलण्यासारखे आहे. तरीही बोलतो आहे, कारण एका चित्राने मला बोलायला लावले.

सहामाही परीक्षेच्या आधी सहावीच्या वर्गाला मी विषय दिला होता, 'आमची दिवाळी'. चाळीस-पंचेचाळीस कागद आले. आकाशकंदील, किल्ला, फुलबाजी धरलेली मुलगी, असे नेहमीचेच. एका कागदावर मात्र एक भलामोठा माणूस गादीवर बसला होता. अर्धा कागद त्यानेच व्यापलेला. आणि खालच्या कोपऱ्यात, आगपेटीतल्या काडीएवढी एक बाई हात पसरून उभी होती.

"ही कोण गं?"

"माझी आई, सर. बोनस मागायला गेलीय."

"मग एवढी लहान का काढलीस?"

"मागतीय ना सर, म्हणून."

जवळचे मोठे काढावे आणि दूरचे लहान, हे मी गेली वीस वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे. मागणारा लहान काढावा आणि देणारा मोठा, हे त्या पोरीला कोणी शिकवले? मी तर नाही. तिची आई मागावर काम करते आणि कामावरून आली की विड्या वळते. लेकीला असले धडे देत बसायला तिला सवड कुठली? पुष्कळ विचार केल्यावर उत्तर सापडले, आणि ते काही सुखाचे नाही. तिला ते आपण शिकवले, तुम्ही-आम्ही, आपल्या रोजच्या बोलण्यातून.

शब्द मुळात इंग्रजीचाही नाही. लॅटिनमध्ये 'बोनस' म्हणजे चांगला, भला. तो इंग्रजीत आला आणि 'ठरल्यापेक्षा वर मिळालेले' असा अर्थ घेऊन बसला. तेथून तो आपल्याकडे आला तो गिरण्यांच्या दारातून, आणि आता तर त्याला सगळी घरे मोकळी आहेत. साबणाच्या दोन वड्यांवर तिसरी मिळाली की ती बोनस. क्रिकेटच्या तक्त्यात बोनस गुण. विम्याचा एजंट दर वर्षी येऊन सांगतो, "बोनस जाहीर झाला." दुखण्यातून उठलेले आजोबा म्हणतात, "आता जे काय आयुष्य ते बोनस." मीसुद्धा, कबूल करतो, ज्या मुलांनी रंगपेटी आणली असेल त्यांना 'दोन मार्क बोनस' म्हणत आलो आहे. या सगळ्या वापरांत एकच अर्थ वाहतो: हे आपल्या हिशेबात नव्हते, मिळाले तर देवाची कृपा, न मिळाले तर तक्रार नाही.

हा अर्थ साबणाच्या वडीला चालतो. कष्टकऱ्याच्या पैशाला तो लावला की त्याचे विष होते.

आमच्या मुलखातलेच उदाहरण देतो. हस्ताच्या नक्षत्रात पाऊस पडला की शहरातली माणसे म्हणतात, "यंदा परतीचा पाऊस म्हणजे बोनसच!" हे वाक्य मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यासमोर म्हणून बघा. आमचा जिल्हा रब्बीचा. आषाढ-श्रावणात ढग नुसते तोंड दाखवून जातात. मालदांडी ज्वारी उभी राहते ती भाद्रपद-आश्विनाच्या पाण्यावर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ज्याला तुम्ही बोनस म्हणता तोच आमचा पाऊस आहे. बाकीचा असला काय आणि नसला काय. वरचे म्हणून ज्याची बोळवण केली तेच मूळ निघावे, अशीच गत कामगाराच्या बोनसची आहे. दिवाळीच्या त्या रकमेतून घरात येते काय? पोरांचे कपडे, शाळेची थकलेली फी, वाण्याची उधारी, गळक्या पत्र्यावर नवा पत्रा. यातले 'वरचे' कोणते, ते मला कोणी दाखवून द्यावे.

आणि हा पैसा कोणी आपखुशीने दिला, असा इतिहासही नाही. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, १९१७ साली, मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर दहा टक्के युद्ध-बोनस सुरू केला. १९१८ साली तो पंधरा टक्के झाला. लढाई संपल्यावरही नफ्याच्या दिवसांत काही वर्षे बोनस मिळत राहिला. १९२३ सालचा मात्र मालकांनी नाकारला. तेव्हा १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार गिरण्या सोडून रस्त्यावर आले. सरकारने मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निर्वाळा दिला, की रूढीने म्हणा, कायद्याने म्हणा, न्यायबुद्धीने म्हणा, कामगारांचा बोनसवर हक्क शाबीत होत नाही. मार्च संपता संपता संप मोडला. थोडक्यात, त्या वेळी कायदासुद्धा चित्रातल्या गादीवर बसला होता.

त्याला त्या गादीवरून उठवायला पुढची चाळीस वर्षे लागली. १९५० साली श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच खटल्यात हिशेबाचे सूत्र घालून दिले: नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा मोबदला वगैरे वजा करा, जे उरेल त्यात कामगाराचा वाटा आहे. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बोनस ही मालकाच्या मर्जीची देणगी नव्हे. मिळणारे वेतन आणि माणसासारखे जगायला लागणारे वेतन यांत जी दरी राहते, ती नफ्यातून काही अंशी भरून काढायची असते. त्याला 'राखून ठेवलेला पगार' म्हणायलाही न्यायालय तयार नव्हते, हे मी लपवीत नाही. पण भिक्षा तर मुळीच म्हटले नाही. मग १९६१ साली म. र. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला आणि १९६५ साली कायदा झाला. कमीत कमी चार टक्के, जास्तीत जास्त वीस. आणि धंद्यात तोटा आला तरी कमीत कमी तेवढे द्यायचेच. १९७२ साली हे चार टक्के वाढून ८.३३ झाले.

हा ८.३३ आकडा मला फार बोलका वाटतो. शंभराला बाराने भागा, एवढेच येतात. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा; अर्थात एका महिन्याचा पगार, तेरावा महिना! मराठी माणसाला तेरावा महिना ठाऊक आहे तो दुष्काळातला. आधीच घरात दाणा नाही आणि पंचांगात अधिक मास, म्हणजे आणखी तीस दिवस तोंडे भरायची. १९७२ साली आमचा जिल्हा दुष्काळात होरपळत होता, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. आणि त्याच साली कायद्याने कामगाराच्या पदरात तेरावा महिना पगाराचा घातला. आमच्या म्हणीला याहून चांगले उत्तर कोणी दिलेले मला माहीत नाही.

पण एवढे होऊनही 'कृपे'चा वास गेला नाही. १९७५ साली आणीबाणीत वटहुकूम निघाला. किमान बोनस पुन्हा चार टक्क्यांवर आला आणि तोट्याच्या वर्षी तोही नाही असे ठरले. १९७७ साली सरकार बदलले तेव्हा ८.३३ परत आले. आज १९६५ चा कायदा २०१९ च्या वेतनसंहितेत सामावला आहे, ८.३३ आणि वीस ही दोन टोके तिथेही तीच. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत पैसे द्यावेत, असाही नियम आहे. मार्चअखेर वर्ष संपले, की आठ महिने नोव्हेंबरअखेर भरतात आणि दिवाळी त्याच्या आत येते. कामगार दिवाळीच्या तोंडावर 'हट्ट' करतात असे म्हणणाऱ्यांनी एवढे कॅलेंडर पाहावे.

आता दुसरीकडे बघा. हाच शब्द शेअरबाजारात काय थाटाने वावरतो! कंपनीच्या गंगाजळीतून भागधारकाला फुकट शेअर मिळतात, त्यांना 'बोनस शेअर' म्हणतात. तिथे कोणी म्हणते का, की शेठजींनी भागधारकांना बोनस वाटला? छे! तिथे बोनस 'जाहीर' होतो. भागधारक हात पसरून उभा राहत नाही. तो पंख्याखाली बसून वर्तमानपत्रात वाचतो. विम्याचा बोनसही जाहीर होतो. मागवाल्याचा बोनस तेवढा 'वाटला' जातो, जसे पेढे वाटावेत, जसे शेजारी फराळाचे ताट वाटावे. पगाराबद्दल आपण म्हणतो, "पगार झाला." बोनसबद्दल विचारतो, "तुमच्याकडं वाटला का?" त्या पोरीने चित्रात जे काढले ते या एका क्रियापदात आहे.

काही शुद्धभाषाप्रेमी मित्र म्हणतात, "म्हणूनच परका शब्द नको, मराठी वापरा." त्यांचा मराठी शब्द कोणता? तर 'सानुग्रह अनुदान'! अनुग्रह करतो देव किंवा गुरू. नगरपालिका, महापालिकांना बोनसचा कायदा लागू नव्हता, तेथे नियमाप्रमाणे ही रक्कम अनुग्रहाचीच ठरते, एवढे मान्य. पण जेथे कायदा लागू आहे त्या खासगी पेढ्यांच्या पाकिटांवरही मी हा शब्द वाचला आहे. याहून कडी म्हणजे अंगणवाडी सेविकांना दिवाळीत सरकारकडून मिळणारी 'भाऊबीज भेट'. त्यांच्या महिन्याच्या कमाईला नाव 'मानधन', आणि दिवाळीच्या दोन हजारांना नाव भाऊबीज. ओवाळणी घालणारा भाऊ बहिणीच्या हजेरीपत्रकावर सही घेतो, असे मी अजून ऐकलेले नाही. गोडीगुलाबीचे मराठी शब्दही हक्कावर पडदा टाकू शकतात. तेव्हा दोष इंग्रजीला देऊन आपले हात झटकता येणार नाहीत.

आमचे आणखी एक स्नेही आहेत, चादरीच्या व्यवसायातले, सज्जन गृहस्थ. ते म्हणतात, "मास्तर, चित्रं काढणं सोपं. सूत महागलं, चादरीला गिऱ्हाईक नाही. कुठून आणायचा बोनस?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. हे शहर गिरण्यांचे होते. १८७७ सालची जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. त्यांच्या भोंग्यांवर घरातली चूल पेटायची. ते भोंगे एकामागून एक गप्प झाले, हे माझ्या पिढीने पाहिले. धंदा बसला तर कामगारच आधी मरतो, हे कामगाराला मालकाहून जास्त कळते. पण हिशेबाची वही उघडून "यंदा एवढेच बसते" म्हणणे वेगळे, आणि गादीवरून "यंदा द्यावंसं वाटत नाही" म्हणणे वेगळे. पहिल्यात दोन माणसे समोरासमोर बसतात. दुसऱ्यात एक बसतो आणि दुसरा उभा राहतो. आणखी एक युक्ती पाहावी. संहितेत अट वीस माणसांची आहे. म्हणून एकाच छपराखाली, एकाच मालकाच्या मागांवर, दोन नावांच्या दोन पाट्या लागतात आणि दोन्हींकडे अठरा-अठरा माणसे निघतात! मराठीत 'चुकवणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत: देणे चुकवणे म्हणजे फेडणे, आणि नजर चुकवणे म्हणजे टाळणे. या लोकांनी बोनस चुकवला खरा, पण दुसऱ्या अर्थाने.

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो असतो तर एवढा तापलो नसतो. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षीची गोष्ट. वडील एका चादरीच्या कारखान्यात मागावर होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ते घरी आले ते हातात एक चकचकीत स्टीलचा डबा घेऊन. आत अर्धा किलो सोनपापडी. आईने हौसेने विचारले, "किती वाटला यंदा?" वडिलांनी डबा फडताळावर ठेवला, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "डबा वाटला. बोनस त्यांनी ठेवून घेतला." मग कळले, की त्यांनी सही केली होती ती महिन्याच्या पगाराएवढ्या आकड्यावर, आणि हातात नोटा पडल्या होत्या त्याच्या निम्म्या. "मग सही का केली?" मी तावातावाने विचारले. सोळा वर्षांचे वय. तेव्हा सगळेच सोपे वाटते. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "सणासुदीला तोंड वाईट करू नको."

तो डबा अजून आमच्या घरात आहे. त्यात शेंगाचटणी असते. पोरे भाकरीबरोबर मिटक्या मारीत खातात आणि मला प्रत्येक वेळी त्या सहीची आठवण येते. आईचा तो दंडक कोणाच्या सोयीचा होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. बिचारीने तो आमच्या भल्यासाठीच केला होता.

तर मग काय करावे? शब्द हद्दपार करा असे मी म्हणत नाही. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द कोणाच्या हुकमाने जात नसतो. पण आपल्या खेड्यांत याहून नेमका एक शब्द आहे, तो कान देऊन ऐकावा. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाच्या हिशेबानंतर, बहुधा दिवाळीच्या सुमाराला, संघाकडून जी रक्कम येते तिला पुष्कळ ठिकाणी 'फरक' म्हणतात. आधी हातात पडले किती आणि हिशेबाने निघाले किती, यांतला तो फरक. या शब्दात अनुग्रह नाही, ओवाळणी नाही, गादी नाही. नुसती वजाबाकी आहे. कारखान्यातल्या बोनसला उद्या कोणी फरक म्हणू लागला तर मला आनंदच होईल. नाही म्हटले तरी निदान क्रियापद बदलू या. बोनस वाटायचा नसतो, चुकता करायचा असतो. "बोनस वाटला का?" असे न विचारता "बोनस चुकता झाला का?" असे विचारा. ऐकणाऱ्याची पाठ थोडी ताठ होते, याचा मी अनुभव घेतला आहे.

आणि आता शेवटचे, जे लिहिताना माझाच हात अडखळतो. हे वाचणाऱ्या पुष्कळ घरांत भांडी घासायला, केर काढायला एक बाई येते. तिला कुठला बोनसचा कायदा विचारतो? पूर्वी गड्यामाणसांना दिवाळीचे 'पोस्त' देत, आपण त्याचेच नाव बदलून बोनस म्हणतो, आणि देतो काय, तर उतरलेली साडी, चिवड्याची पुडी आणि वर, "बाई, सुट्ट्या फार झाल्या हं यंदा!" गेल्या वर्षीपर्यंत आमच्या घरीही हेच चालले होते. चित्रातल्या गादीवरचा तो मोठा माणूस मी फार वेळ न्याहाळला, आणि त्याचा चेहरा मला अनोळखी वाटेना. यंदा आम्ही नवरा-बायकोने बसून हिशेब केला: वर्षभर आली, तर वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. ती उंबऱ्यात उभी राहण्याच्या आत, वसुबारसेलाच, स्वयंपाकघरात पाटावर बसवून, चहा समोर ठेवून तो तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "वैनी, एवढं कशाला?" बायको म्हणाली, "मोजून घ्या. तुमचेच आहेत." तिने मोजून घेतले. एवढ्याने जग बदलले नाही, हे मलाही कळते. पण एका घरात एक क्रियापद बदलले.

त्या मुलीचे चित्र मी दुरुस्त केले नाही. तिने जे पाहिले ते तिने काढले. चूक चित्रात नव्हतीच. कागद परत देताना मात्र मी तिला विचारले, "आईला मिळाला का गं?" ती म्हणाली, "उद्या या म्हणालेत." त्या 'उद्या'ला आज तेरा दिवस झाले. घरोघर चकल्या तळल्या जात आहेत, पेठेत आकाशकंदील लागले आहेत, आणि हा लेख छापून तुमच्या हातात पडेल तेव्हा पाडवाही होऊन गेलेला असेल.

आईचा दंडक मोडला खरा. पण फराळाचे ताट पुढे घेऊन तुम्ही हे वाचीत असाल, तर एवढे करा: ज्याचे देणे राहिले असेल, ते त्याने मागण्याआधी चुकते करा, आणि मग खुशाल दिवे लावा.